तीन बोटांची हळद

ती. गुंडुराव काकांना,

धनुषचा इथूनच वाकून नमस्कार. दावणगेरेच्या उन्हाने तुमचा गुडघा मोकळा झाला असेल, काकूंची शुगर उतरली असेल आणि माझ्यावरचा राग या दोन्हींच्या आधी उतरला असेल, असं धरून चालतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर इथे म्हैसूरला सरस्वतीपुरमात अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून पत्र. (चुका काढू नका. दहावी दोनदा दिली, पण मराठी त्यात एकदाही नव्हती.)

नोकरी अजून आहे, हे आधी सांगतो. ‘पोरगा फिरता आहे, पण हात चांगला आहे’ असं श्रीवत्स सरांना सांगून तुम्ही मला इथे चिकटवलंत, त्याला चार महिने झाले. सर घरामागच्या शेडमध्ये पियानो बनवतात. पियानो म्हणजे चर्चमध्ये असतो तसा नाही हं. हा एका पायावर उभा आहे. वरचं झाकण रिमोटने उघडतं, घारीने पंख पसरावा तसं. पट्ट्यांची रांग सरळ नसून हारासारखी वाकलेली, पोट काचेचं, आत निळा दिवा. पुढच्या पियानोचं चित्र भिंतीवर लावलंय, तो छताला तारांनी टांगायचा आहे. (वाजवणाऱ्यालाही टांगायचं का, हे अजून ठरलेलं नाही.) घरात वाजवता कुणालाच येत नाही. सहा वर्षं हा माणूस दुसरं काही बोललेला नाही. माझं काम पांढऱ्या लॅकरचा, म्हणजे चकचकीत रंगाचा, एकेक हात सुकला की तो घासायचा. एकवीस हात दिले. घासताना त्यात आपलंच तोंड दिसायला लागतं, आणि ते काही बघण्यासारखं नाही.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सर बंगळूरला होते. सरांची आई वनजाम्मा शेडच्या दारात येऊन म्हणाली, ‘पूजे माडो, पूजा कर, धनुष. शेजारच्या स्कूटरलासुद्धा हार आहे, माझ्या मुलाच्या एवढ्या मोठ्या यंत्राला काहीच नाही?’ खरंच वाईट दिसत होतं. ती फुलं आणायला गेली तेवढ्यात मी सुरू केलं. चाकाखाली लिंबू ठेवतात, इथे चाकच नाही, म्हणून पेडलखाली ठेवून दाबलं. मग झाकणावर तीन बोटांचे हळदीचे पट्टे ओढले, वर कुंकू लावलं. आता इथे माझी अक्कल बघा. आपले आजोबा कापड रंगवण्याआधी तुरटीच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे रंग पक्का बसतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. रंगाऱ्याच्या सात पिढ्यांच्या विद्येतलं माझ्याकडे एवढंच उरलंय. म्हटलं, शुभ काम आहे, पक्कं करू. हळदीत तुरटी घातली. वरचा हात अजून कच्चा होता. कुंकू पुसलं गेलं, हळद गेली नाही. घासली, तर जास्तच उजळली.

सर आले, बघितलं, आणि हळूच विचारलं, कुणी केलं? मी काही बोलायच्या आत अम्मा पुढे झाली. ‘नाने इर्बेकु,’ मीच असेन. हल्ली ती दूध गॅसवर ठेवून गच्चीवर जाऊन बसते, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की स्वतःच कबूल करून टाकते. मी तोंड उघडलं होतं, काका, शपथ. पण सर तेवढ्यात ‘बरं’ म्हणाले. मग उघडलेल्या तोंडाचं काय करायचं म्हणून मी जांभई दिली.

तर हळदीचा डाग कशाने जातो, तेवढं कळवा.

तुमचा,
धनुष

ता. क. डागाचं राहू द्या. सरांनी दोन हात खरवडून काढले, पुन्हा देताहेत. खरं काम वेगळं आहे. सर अम्माला बुधवारी शिवमोग्ग्याला चिक्कम्माकडे, म्हणजे त्यांच्या मावशीकडे, पाठवताहेत. थोडे दिवस म्हणतात, पण तिचा देव्हाराही बांधायला काढलाय. तुम्ही सरांना फोन करून सांगा की ती बोटं माझी होती. तुम्हाला ऐकू येत नाही ते बरंच आहे, ते काय म्हणतील ते ऐकावं लागणार नाही.

ता. क. २. शनिवारी हे पत्र टाकायला निघालो, तर राजवाड्याजवळ दसऱ्याचे हत्ती परत जंगलात न्यायला ट्रकमध्ये चढवत होते. एक काही केल्या चढेना. ते बघत संध्याकाळ झाली, पेटीतलं टपाल निघून गेलं, मग राहूनच गेलं. आज मंगळवार आहे. म्हणजे हे तुम्हाला मिळेल तेव्हा उपयोग नाही.

ता. क. ३. आत्ता अम्मा शेडमध्ये आली होती. म्हणाली, ‘तिकडे कशाकशाला हात लावायचा नाही, ते कागदावर लिहून दे, मी विसरते.’ मी लिहिलं, ‘अम्मा, ते मी केलं होतं.’ कागद घेऊन ती चष्मा शोधते आहे. चष्मा माझ्या खिशात आहे.