पाटलांनी दिलेला हार

रविवार, संध्याकाळ. १९६२. दारव्ह्याजवळ, घरी.

आज माझ्याच गावात, मीच मंजूर करून आणलेल्या विहिरीचं उद्घाटन झालं. आमदार म्हणून खुर्चीवर मी. पाटील हार घेऊन पुढे आले आणि तो माझ्यासमोर टेबलावर ठेवून मागे फिरले. गळ्यात घातला नाही. बौद्ध झालो, निवडून आलो, तरी मला शिवायचं नाही ते नाहीच! मग मीच तो उचलून गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर ‘विहीर सर्वांची आहे’ असं भाषणही ठोकलं. कोणाला सांगत होतो मी?

घरी आलो तर मायनं आधी हारच चाचपला. “पाटलानं सोताच्या हातानं घातला काय रे?”

तिच्या चेहऱ्याकडे पाहून “हो माय” म्हणून गेलो. काहून म्हणालो?

“मंग आता आपल्याले विहिरीवर भरू देतीन!”

जन्मभर घागर खाली ठेवून, कोणीतरी वरून ओतेल म्हणून वाट पाहत बसलेली बाई ती.

हार तिनं दारावर टांगलाय. आता अंगणात चिंच लावून घागर घासते आहे. मी इथे हे लिहीत बसलोय. उद्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी विहिरीवर जाणार आहे.