उलटा फर्मा आणि शनिवारचा वर्ग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, म्हणजे डाव्या हाताने, लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्याची मला फारशी धास्ती नाही. सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत ते वेगळ्या कारणाने. उद्या आमचा उलटा रविवार आहे आणि मला विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसायचे आहे.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते एकच होते आणि रागाच्या भरात केले होते.

कलम १. तळमजल्यावरची माझी मोठी खोली, दोन खिडक्या, माळा, बाक आणि फळ्यासकट, शनिवार-रविवारच्या वर्गाच्या संस्थेला द्यावी. हा वर्ग मी आणि माझ्या धाकट्या भावाने बारा वर्षांपूर्वी सुरू केला. बस डेपोमागच्या वस्तीतली सहावी ते आठवीची मुले येतात. त्यांच्या घरची बोली एकाही पाठ्यपुस्तकात नाही, आणि तेव्हा त्यांच्या गल्लीतून कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. आता सात जण चढले आहेत, हे मी मुद्दाम कायदेशीर कागदावर लिहून ठेवते.

शनिवारी गणित आणि विज्ञान. रविवारी गाणी, चित्रे आणि घरचा शब्दकोश. मुले आपापल्या घरून शब्द आणतात, भांडून भांडून अर्थ ठरवतात, आणि मी ते बांधते. तिसरा खंड काल दाबाच्या शिकंज्यातून बाहेर निघाला. त्यात एक शब्द आहे, त्याचा अर्थ नुसता ‘घाईत दुसऱ्याच्या चपला घालून बाहेर पडणे’ एवढाच. आपल्या भाषेला हे एका शब्दात सांगता येत नाही, याची मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

महिन्याचा शेवटचा रविवार उलटा असतो. त्या दिवशी मुले शिकवतात आणि मोठी माणसे बाकावर बसतात. गृहपाठही आम्हालाच. मागच्या महिन्यात सफाई कामगाराच्या मुलीने मला सावलीवरून इमारतीची उंची काढायला लावली. मी डेपोची इमारत टेकडीएवढी करून ठेवली. तिने वहीवर लिहिले, ‘पुन्हा प्रयत्न करा, घाई नको.’ मी सहा दिवस सराव केला आहे. शस्त्रक्रियेच्या आधी मला पास व्हायचे आहे.

कलम २. बँकेतली ठेव वर्गाच्या कागदासाठी आणि दुर्बिणीसाठी वापरावी. त्यातून माझी तसबीर करू नये.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना माझे उंच स्टूल द्यावे. ‘ही मुलं दोन तास एका जागी बसायची नाहीत,’ असे ते म्हणाले होते. खरेच बसत नाहीत. उठून फळ्याशी जातात, म्हणून तर शिकतात. हेडमास्तरांनी त्या स्टुलावर दोन तास बसून दाखवावे.

कलम ४. वडिलांचा भोके पाडायचा टोच्या धाकट्या भावाला. हे कलम मी खोडत आहे. कारण खाली येईल.

कलम ५. आता धाकट्याबद्दल. आम्ही दोघे एकाच टेबलावर पुस्तकांचे शिवणकाम शिकलो. अकरा वर्षांपूर्वी शब्दकोशाचा पहिला खंड बांधला तेव्हा त्यात एक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, उलटा शिवला गेला. सोळा पाने, डोके खाली पाय वर. सगळ्या मुलांसमोर मी धाकट्याला म्हणाले, ‘तुझं लक्ष कुठे असतं?’ त्याने सुई टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर तो वर्गात आला नाही. ‘तुझ्यामागे खोली माझी, मग बघतो तुझा वर्ग,’ एवढे मात्र वर्षातून एकदा निरोपाने कळवतो. वडिलांनी खोली माझ्या नावावर केली, पण त्यालाही तोंडी हिस्सा कबूल केला होता, त्यामुळे तो कोर्टात गेला तर एकतीस मुले रस्त्यावर येतील.

मुलांनी तो खंड उसवू दिला नाही. पुस्तक उलटे धरून ती पाने वाचायची, हीच त्यांना गंमत वाटते. पण मी पुढच्याच आठवड्यात शिवण तपासली होती. गाठ डाव्या हाताची होती. आमच्या घरात डावखुरी मी एकटी. चूक माझी होती, आणि मी अकरा वर्षे तोंड उघडले नाही. आज लिहून देते. धाकट्या, मी चुकले. तू गेल्यापासून टेबलाची तुझी बाजू मला बघवत नाही.

कलम ६. व्यवस्था पाहण्यासाठी आमच्या पहिल्या तुकडीतली मुलगी, सध्या वकील, हिला नेमते. ती आज सकाळी आली तेव्हा मी म्हटले, सगळ्या मुलांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेऊ.

‘बाई, अल्पवयीन साक्षीदार चालत नाहीत,’ ती म्हणाली. ‘आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याची सही मी घेणार नाही.’

‘मग ज्याला काहीच नको असेल अशा माणसाला बोलवू?’

‘ज्याला खोली हवीय, त्या तुमच्या भावालाच बोलवा. काकांनी इथे सही केली तर उद्या खोलीसाठी भांडायला त्यांना तोंड उरणार नाही. पण हे त्यांना आधी स्पष्ट सांगायचं. फसवून सही घ्यायची नाही.’

ही मुलगी मी घडवली, असे म्हणायचा मोह होतो. तिने मला घडवले म्हणणे जास्त खरे आहे.

म्हणून कलम ४ खोडले. टोच्या आजच, माझ्या हयातीत, धाकट्याच्या हातात देईन, मग तो सही करो वा न करो. त्याला निरोप गेला आहे. हा कागद त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा आणि मगच ठरवावे. माझी छाती धडधडते आहे, पण ती झडपेमुळे नाही.

ठिकाण: शिवणकामाचे टेबल, खिडकीची बाजू.
दिनांक: महिन्यातला शेवटचा शनिवार, वर्ग सुटल्यावर.
सही: बाइंडरबाई

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. उत्साह प्रमाणाबाहेर आहे, त्याला माझ्याकडे औषध नाही.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सगळे वाचले. वकीलबाईंनी समजावले. टोच्या मिळाला. राजीखुशीने सही करतो. गाठ डावखुरी आहे हे मी त्याच दिवशी पाहिले होते, ताई. पोरांसमोर तुझा पाणउतारा नको म्हणून बोललो नाही. उद्या बाकावर माझ्यासाठी जागा ठेव.