विचारलं तेवढंच

३ मार्च, मंगळवार

दादाचा फोन अपडेटला लावला होता, तेवढ्यात मेसेज आला. 'गुरुवारी घरी कोण कोण?' पाठवणारा — 'कप्तान'.

दादाच्या लिफ्टच्या ग्रुपमधला. लिफ्टचे आवाज रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवणारी माणसं. तो ग्रुप मीच त्याला शोधून दिला होता. निरुपद्रवी वाटला!

आधीचा एकही मेसेज नाही.

'पुसले,' दादा म्हणाला. 'वाचलं की पुसायचं, असं तो सांगतो. मित्रांचं घरी सांगायचं नसतं. मी म्हटलं, छोटीनं विचारलं तर सांगणार. मला खोटं बोलता येत नाही.' छोटी म्हणजे मी.

आवाज सरळ ठेवला. आवाज चढला की तो कान झाकून घेतो, मग तासभर काही हाती लागत नाही.

पत्ता दिलास? 'नाही.' पैसे मागितले? 'नाही.' भेटायला गेलास? 'नाही.'

तीन नाही. दादा खोटं बोलत नाही. श्वास घेतला. कप्तानला ब्लॉक केलं.

४ मार्च, बुधवार

पत्ता दिला नाही, हे खरंच. ग्रुपवर दादानं टाकलेला व्हिडिओ आज पाहिला. आमचीच लिफ्ट, तळमजला ते पाचवा. सदतिसाव्या सेकंदाला आरशाशेजारचं तपासणीचं प्रमाणपत्र — इमारत, रस्ता, सगळं स्वच्छ. मग दार उघडतं, आणि समोर आमच्या आडनावाची पाटी.

दिवसभर मी दुसऱ्यांच्या कंपन्यांच्या संगणक यंत्रणेतल्या सुरक्षेच्या फटी शोधते. पगार त्याचाच घेते.

फ्रिजवरचा कागदही वाचला. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेला, दादाला वाचता यावा म्हणून ठळक अक्षरांत. 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. अनोळखी म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही तो.' किती सोपं लिहिलंय, असं तेव्हा वाटलं होतं. कप्ताननं पहिल्याच दिवशी नाव सांगून टाकलं असणार.

आईला सांगितलं. 'साप नाही तिथं भुई धोपटू नकोस,' म्हणाली. 'एकतीस वर्षांत पहिला मित्र मिळालाय त्याला. हल्ली गुरुवारी संध्याकाळी किती खुशीत असतो, बघितलंस?'

नव्हतं बघितलं. गुरुवारी त्याच्या पॅकिंगच्या कामाला सुट्टी असते. आई दवाखान्यात कामाला, मी ऑफिसात. घरी तो एकटा.

उद्या रजा.

५ मार्च, गुरुवार

अकरा वाजता दादानं ओट्यावर दोन कप काढले. एक माझ्यासाठी, म्हणून बरं वाटलं.

मी चहा पीत नाही. विसरला असेल. — दादा असलं काही विसरत नाही.

अकरा वीसला त्यानं मान वर केली. 'आपली लिफ्ट,' म्हणाला. 'तिसरा. चौथा. पाचवा. दार उघडलं.' मी भिंतीला टेकून उभी. 'चार पावलं. थांबला. परत चार. दार लागलं. खाली चालली.'

दाराच्या भिंगातून पाहिलं. कोणी नाही. दार उघडलं. बाहेर फक्त माझ्या चपला, जोडीनं ठेवलेल्या.

'कोण होतं रे?'

'मला दिसलं नाही.'

त्यानं एक कप आत ठेवला. तोंड एवढंसं झालं होतं.

६ मार्च, शुक्रवार

पोलीस ठाण्यात दीड तास.

'मुलाचं वय?'

'भाऊ आहे. एकतीस. स्वमग्न आहे. वाक्य लांबलं की त्याला कळत नाही. माणूस कसा आहे ते ओळखता येत नाही.'

'ते मलाही येत नाही,' हवालदार म्हणाला आणि स्वतःच हसला. 'सज्ञान आहे ना? पैसे गेले? धमकी? मारहाण?'

नाही. नाही. नाही. आज तीन नाही माझ्या वाट्याला!

'मग ताई, गुन्हा कशाचा लिहून घेऊ?'

घरी आल्यावर कडी दोनदा तपासली. आई म्हणाली, 'आता कुलपालाही एक कुलूप लाव!' मग तीच उठली आणि मागची खिडकी लावून आली. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

७ मार्च, शनिवार

घरच्या वायफायला कोणता फोन कधी जोडला गेला, याची नोंद मीच चालू करून ठेवलेली. ऑफिसात असल्या नोंदी रोज वाचते. घरची आज पहिल्यांदा उघडली.

एक अनोळखी फोन. अठरा डिसेंबरपासून. अकरा गुरुवार, अकरा वीस ते एक.

आमचं वायफाय जिन्यापर्यंतही पोचत नाही.

'दादा, तो इथं यायचा?'

'हो.'

'मंगळवारी तर नाही म्हणालास!'

'तू विचारलंस, मी भेटायला गेलो का. मी कुठंच गेलो नाही, छोटे.'

पुढचा प्रश्न विचारायचा आहे. अजून विचारला नाही. तो समोर बसलाय, हात मांडीवर, वाट बघत — विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायला.