तुराट्याचं कूड

मुंबई, मार्च १९७९

प्रिय लिंबाजी,

तुला आन् मायला माझा जयभीम.

तू लिहून पाठवलेली सिनेमाची गोष्ट वाचली. चांगली हाय. पण ‘मायच्या काळजात आग पेटली’ असं लिहू नको. कॅमेऱ्याला काळीज दिसत न्हाई. गेल्या साली दंगलीत आपलं घर जाळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं सकाळी उठून, दार उरलं नव्हतं तरी दारात सडा टाकला, असं तूच सांगितलं होतंस. तेवढंच लिही. भाषणं काढून टाक.

मी ठीक हाय. जेवण वेळेवर होतंय. मायचा खोकला थांबला का? नव्या पत्र्याखाली लय उकडतंय का?

आमच्या शूटिंगला एक झोपडी जाळायची होती. तुराट्याचं कूड बांधायला इथं कुणाला येत न्हाई, म्हणून मला सांगितलं. मी आपल्या जुन्या घरासारखंच बांधलं, दार उगवतीला. मग पेटवलं. डायरेक्टर साहेब म्हणाले, पुन्हा एकदा घेऊ. मी च्या पेलो आन् दुसरं बांधायला बसलो.

हे मायला वाचून दाखवू नको. नुसतं सांग, दादाला घर बांधायचं काम मिळालंय.

तुझा दादा,
आश्रुबा