मामांचा इंग्रजी कानमंत्र

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचा खोकला कसा आहे? मामींची कंबर? दोन्ही बरं असेल तर आता नीट बसून वाचा.

तुम्ही मला या फर्निचरच्या दुकानात चिकटवलंत, उपकार झाले. नोकरी कायम झाली की लग्नाची तारीख काढू, असं मुलीकडच्यांनी सांगितलंय. म्हणून निघताना तुम्ही कानमंत्र दिलात: मालाच्या पाट्या लिहिताना ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज न्यू’ घालत जा, वाक्याला वजन येतं. (तुम्ही जन्मभर साहेबांच्या हाताखाली नोकरी काढलेली, मी कशाला शंका घेऊ?) मी घातलं. कारखान्यातून सकाळीच आलेला, अंगावरचं प्लास्टिकही न काढलेला सोफा, त्यावर झोकात पाटी लावली, ‘हा सोफा अ‍ॅज गुड अ‍ॅज न्यू आहे.’ झालं. जो येई तो गादी उचलून ढेकूण शोधी. एका बाईंनी तर हा आधी कुणाच्या घरात होता, तिथे कुणी आजारी होतं का, इथवर चौकशी केली आणि अर्ध्या किमतीत मागितला. मालकांनी आत बोलावून माझी बिनपाण्याने केली. म्हणाले, अरे शहाण्या, हे वापरलेल्या वस्तूला म्हणतात. जुनी आहे पण नव्यासारखी आहे, असा त्याचा अर्थ. यापुढे नव्याला नवं म्हण आणि जुन्याला जुनं.

मी पडलो सांगितल्या शब्दाबाहेर न जाणारा. पुढे मालक गुडघे बदलून इस्पितळातून परत आले, तेव्हा स्वागताची पाटी माझ्याकडेच आली. इथे तुमचं इंग्रजी अगदी चपखल बसलं असतं, पण हात पोळलेले. सरळ मराठीत लिहिलं, ‘मालक जुने, गुडघे नवे. स्वागत असो.’ नोकर हसले, गिऱ्हाइकं हसली, मालक तेवढे हसले नाहीत. आता मी पाट्या लिहीत नाही, कपाटं उचलतो. कायम करायचं बघू म्हणतात. वैताग आलाय नुसता.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा (अजून तरी) भाचा

ता. क. नोकरीचं सोडा. काल मुलीचे वडील दुकानात आले होते. माझी शिफारस करताना तुम्ही त्यांना ‘मुलगा अ‍ॅज गुड अ‍ॅज न्यू आहे’ असं लिहिलंत म्हणे. ते विचारत होते, पहिली बायको वारली की सोडून गेली? मिळेल त्या गाडीने निघा आणि त्यांना समजावून सांगा.

पुन्हा ता. क. नाहीतर तुम्ही राहू द्या. मामींची कंबर बरी असेल तर त्यांनाच पाठवा.