फोन केला की तारीख बदलते

३ मार्च, सोमवार
परत तारखा! इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवरच्या बाईंचा सकाळीच फोन. "तुमची यादी चुकते हो. जुने पेशंट खाली जातात, नवे वर येतात. लोक आमच्या अंगावर येतात." डोळ्यांच्या ऑपरेशनची प्रतीक्षायादी आमच्या कंपनीने बनवलेली. ज्याने आधी नाव घातलं त्याचा नंबर आधी — एवढी साधी गोष्ट. साहेबांनी काम माझ्या गळ्यात मारलं. ज्याने हे लिहिलं तो जास्त पगारावर दुसरीकडे गेलासुद्धा. निस्तरायला मी आहेच.

४ मार्च, मंगळवार
दिवस फुकट. आधी वाटलं, दिवस आणि महिना उलटे पडतायत. नाही. मग सर्व्हरचं घड्याळ तपासलं. तेही ठीक. शेवटी बाईंकडून एका पेशंटचा नंबर घेतला, शिंपी आहेत. "हे सगळ्यात भांडखोर, यांनाच विचारा." भांडले वगैरे काही नाहीत. म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं झाली नाव घालून. सुईत दोरा ओवता येत नाही, दुकान बंदच म्हणा ना. दर सोमवारी इस्पितळात फोन करतो, विसरायला नकोत म्हणून."
यादीत त्यांची नाव घातल्याची तारीख बघितली. कालची!

५ मार्च, बुधवार
सापडलं. 'चाचणी' नावाचा एक खोटा पेशंट यादीत घातला, मग त्याचा फोन नंबर बदलून सेव्ह केलं. गेला तळाला!
तारखेच्या रकान्याला दोन सोयी असतात. एकीत नाव पहिल्यांदा घातलं की तारीख पडते आणि तशीच राहते. दुसरीत कुणी नुसतं सेव्ह दाबलं तरी आजची पडते. त्या महाभागाने दुसरी लावून ठेवली. फोन आला की बाई त्या माणसाची नोंद उघडतात, 'चौकशी केली' अशी खूण करतात, सेव्ह दाबतात. झालं, माणूस शेवटी. म्हणजे विचारणारा कायम तळाशी आणि गप्प बसणारा वर. तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस दर सोमवारी फोन करून स्वतःलाच मागे ढकलतोय, आणि वर आपण त्याला भांडखोर म्हणायचं.

६ मार्च, गुरुवार
साहेबांना सांगितलं. "ओरडू नकोस. सोमवारी इस्पितळाबरोबर नव्या करारावर सह्या आहेत. तोवर मूग गिळून बस." म्हटलं, लोकांचे डोळे जातायत. "इतके दिवस थांबलेत, आणखी चार दिवस थांबतील. आणि नीट तपासून घे आधी. घाईत लावलं आणि उलटं झालं तर?" निर्लज्ज माणूस. करारापुढे माणसं दिसत नाहीत याला. राजीनामा तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही अर्थात.
घरी येऊन आईवर चिडले, उगीचच. तिने पातेल्याचा कान समजून पेटत्या शेगडीला हात लावला होता. बोटं भाजली. तिचंही त्याच इस्पितळात ऑपरेशन आहे, येत्या गुरुवारी. तोवर स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं. ती हसली. "बरं, साहेब."

८ मार्च, शनिवार
सुट्टी असून ऑफिसात. रोज रात्री यादीची एक प्रत आपोआप बाजूला पडते. त्या सगळ्या जुन्या प्रतींमधून प्रत्येकाची खरी तारीख शोधून परत बसवणारा प्रोग्राम लिहिला. चालला! तीनदा तपासला. शिंपीदादा एकदम पहिले. इतका आनंद झाला की एकटीच टेबलावर ताल धरून बसले.
मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्या. आई चुकीच्या यादीत दुसरी. खऱ्या यादीत पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या पानाच्या मध्यावर सापडली. गेल्या जूनमध्ये तर नाव घातलंय तिचं! एकदाही फोन केला नाही तिने. "कशाला कुणाच्या मागे लागायचं? बोलवतील की." मीच तिला भित्री म्हणायचे.

९ मार्च, रविवार
आईने गुरुवारसाठी पिशवी भरून दाराशी ठेवली. चार दिवस आधी!

१० मार्च, सोमवार
सह्या झाल्या. साहेब खुशीत माझ्या टेबलाशी आले. "लाव आजच. बुधवारी ते गुरुवारच्या ऑपरेशनची नावं यादीवरून पक्की करतात, ती बरोबर निघतील. घे, तुझ्या मनासारखं झालं."
मी म्हटलं, "साहेब, नीट तपासून घेते. घाईत लावलं आणि उलटं झालं तर? शुक्रवारी लावू."
 ते म्हणाले, "शहाणी झालीस."
सकाळी शिंपीदादांनी नेहमीसारखा फोन केला असणार. सेव्ह.

११ मार्च, मंगळवार
आठवडाभर नाकाने कांदे सोलले. आता स्वतःचीच लाज वाटते. वाटते, पण लावत नाही. आई रात्री जिन्यात पायरी चुकली, मी धरलं म्हणून वाचली. पडली असती तर? तो शिंपीही कुठल्यातरी जिन्यात असेलच.

१३ मार्च, गुरुवार
ऑपरेशन झालं. छान झालं म्हणाले डॉक्टर. आत नेल्यावर मी बाहेर बाकावर बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत होते, शिंपी तर नसेल.

१४ मार्च, शुक्रवार
लावलं. दोन मिनिटांचं काम.

१७ मार्च, सोमवार
शिंपीदादांचा फोन, थेट मला. शनिवारी इस्पितळातून कळवलं, नंबर पहिला लागला. पण गुरुवारनंतर डॉक्टर रजेवर गेलेत, आता पुढच्या महिन्याच्या शेवटी. तेवढे दिवस घर चालवायला काल शिलाई मशीन विकलं. "असू दे हो, नजर तर येईल. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सगळं तुमच्यामुळे झालं."