हात वर झाला की थांबायचं

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

बसली! आठवा अडथळा संपला आणि मैदानाच्या मधोमध बसली. पुढे फक्त बोगदा आणि दोन उड्या उरल्या होत्या, आणि आमची कुत्री कांडी कीर्तनाला आल्यासारखी शांत. मी टाळ्या वाजवल्या, मांडीवर थापा मारल्या, पुढे धावून दाखवलं. ढिम्म! वेळ संपली. शिट्टी. बाद.

आधी एक चूक झाली होती, कबूल. चढून उतरायच्या फळीवर खाली पिवळा पट्टा असतो, त्याला कुत्र्याचा पाय लागायलाच हवा. कांडीने वरूनच उडी मारली. परीक्षकांनी हात वर केला — एक चूक, एवढाच त्याचा अर्थ. थोडे गुण गेले असते, फेरी पुरी झाली असती. पण बसली ती बसलीच.

दोरीपलीकडे लोक हसले. एकजण गुजरातीत म्हणाला, रस्त्यावरची कुत्री आहे ना, थकली. मला कळणार नाही असं वाटलं असेल. मी सुरतेत जन्मले, बाबा! त्याच्याच भाषेत सांगितलं — थकली नाही, तुमचं तोंड बघायला थांबली. 

२४ नोव्हेंबर

कारण सापडलं. आप्पांनी शोधलं.

माझे वडील, आप्पा, बत्तीस वर्षं लिंबायतच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात होते. त्या खडखडाटात कान गेले. आता जवळून तोंड बघून बोलणं ओळखतात, स्वतः फारसं बोलत नाहीत. कारखान्यात तसंही कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळं हातांनी चालतं. एकटा माणूस बारा लूम बघतो, लांबच्या माणसाला हातानेच सांगतो. उघडा पंजा वर — थांब, धागा तुटला. बोट गोल फिरवलं — मागे वळ. तळवा पुढे ढकलला — चालू दे. आप्पा घरातही तसेच बोलतात आणि आम्हीही.

कांडी त्यांनाच सापडली, दोन वर्षांपूर्वी, कारखान्यामागच्या टाकाऊ धाग्याच्या ढिगात. धागा भरायच्या कांडीएवढी बारीक होती म्हणून कांडी. तिच्याशीही ते हातानेच बोलले. मी तिला उड्या शिकवायला घेतल्या तेव्हा तिला खुणा येतच होत्या. तयार माल! शिकवणीच्या बॅचमधले बाकीचे लोक घसा फोडून ओरडतात, मी एक बोट फिरवते. केवढी ऐट होती मला त्याची.

काल आप्पांनी फोनवरचा व्हिडिओ तीनदा बघितला. मग उठले आणि परीक्षकांसारखा पंजा वर केला. कांडी भाकरी खात होती. तोंडात तुकडा तसाच ठेवून बसली!

आप्पा म्हणाले, "तिनी काय चूक शे? मुकादमनी हात वर करा, ती थांबनी."

म्हणजे अख्ख्या मैदानात सांगितलेलं ऐकणारी तीच एक होती. आणि बाद तीच. आधी हसले, मग रडू आलं.

२६ नोव्हेंबर

जिग्नामॅडमचा फोन. वेसूच्या मैदानावरची बॅच त्या चालवतात. बाई वाईट नाहीत, पण पटकन मोकळ्या होतात. म्हणाल्या, खुणा सगळ्या पुसून टाक, आवाजावर पहिल्यापासून शिकव. अठरा जानेवारीला पुढची ट्रायल आहे. तिथे एकही चूक नसलेली फेरी हवी, नाहीतर बॅचमधली जागा दुसऱ्याला. लोक थांबलेत. अकरा कुत्री, दहांना वंशावळीचे कागद, अकरावी माझी. वर म्हणाल्या, मजेची वेगळी फेरी असते, त्यात पळव हवं तर.

मजेची! दीड वर्ष पहाटे पाचला उठून मी मजा करत होते का?

खुणा पुसणार नाही. पुसल्या तर आप्पांनी तिच्याशी बोलायचं काय? कारखाना सुटल्यापासून ते ज्या एका जिवाशी दिवसभर बोलतात ती कांडी आहे. मॅडमना म्हटलं, हातानेच शिकवीन, अठराला बघा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आता माघार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

तिला शिकवायचं एकच — परक्याचा हात म्हणजे काही नाही. माझा हात म्हणजे थांब.

खाडीजवळच्या मोकळ्या प्लॉटवर आमचं मैदान आहे. कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आडव्या टाकून उड्या. खराब निघालेल्या ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचा शिवलेला बोगदा. जुन्या दाराची उताराची फळी, खाली पिवळा रंग. आज तिथे गल्लीतली माणसं उभी केली. शेजारच्या सुभद्राबाई कालपर्यंत कांडी पापडांना तोंड लावते म्हणून भांडत होत्या. त्या पंजा वर करून उभ्या राहिल्या, बस थांबवतात तशा. तीनदा कांडी बसली. चौथ्यांदा थबकली, माझ्याकडे बघितलं, गेली पुढे! शेंगदाणे, शाबासकी, सगळं.

सुभद्राबाईंचं तोंड उतरलं. "आते मना हातनी काहीच किंमत नही का?" असं अगदी मनापासून विचारलं त्यांनी.

आप्पांना मात्र घरीच ठेवलं. त्यांचा हात तिने माझ्याआधी ओळखला, उगाच गोंधळ नको. त्यांनी खुणेनेच विचारलं, मी येऊ? मी खुणेनेच नको म्हटलं.

९ डिसेंबर

अकरा जणांनी हात वर केले. एकदाही बसली नाही!!

१४ डिसेंबर, रविवार

माय आज पेटली होती. धुळ्याकडून लग्नाची विचारणा आलीये, त्यांना काय सांगू, पोरगी सुटीच्या दिवशी कुत्रीमागे पळते? म्हटलं, खरं तेच सांग. सोबत हेही सांग की पोरगी आठवड्याचे सहा दिवस पर्वत पाटियाजवळच्या दुकानात साड्या तपासून पॅक करते आणि सातव्या दिवशी कुणाचं काही लागत नाही. माय म्हणाली, माणसनी शाया सुटी गयी, आते कुत्रानी शाया. कुत्र्याची शाळा! मला हसू आलं, तिला नाही आलं.

रात्री कांडीच्या पंजांना खोबरेल लावताना दिसली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२८ डिसेंबर, रविवार

बॅचमध्ये एक नवीन गृहस्थ आलेत, बॉर्डर कॉली घेऊन. कुत्रा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. गृहस्थ म्हणाले, तुम्ही हिला रस्त्यावरून उचललंत, पुण्याचं काम केलंत. डोक्यात तिडीक गेली. पुण्य बिण्य काही नाही म्हटलं, ती तुमच्यापेक्षा चार सेकंद लवकर येते म्हणून ठेवलीये.

चार नाही, तीनच. पण ते मोजत नव्हते.

१४ जानेवारी, उत्तरायण

खरी परीक्षा आजच झाली!

सगळं सुरत गच्चीवर. कांडीच्या पायांना मांजा लागू नये म्हणून जुने मोजे चढवले आणि तिला वर नेलं. जिकडे बघावं तिकडे हात वर. ढील दे, खेच, कापला, सगळे पंजे आभाळात! दोन महिन्यांपूर्वी ती या गच्चीवर दिवसभर बसून राहिली असती. आज मी पाण्याच्या टाकीपर्यंत पाठवली, वळवली, परत आणली. एका हाताकडे बघितलं नाही तिने. मग मी हात वर केला. बसली.

चार दिवस राहिलेत. जमणार. लिहून ठेवते — जमणार.

१८ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

आप्पा आले होते. मी बोलावलं नव्हतं, नको म्हणायची हिंमतही झाली नाही. कारखाना सुटल्यापासून गल्लीबाहेर न पडणारा माणूस पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून सकाळी साडेसहाला दारात उभा. पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली त्यांना. माय शेजारी, फोन धरून.

कांडी अशी पळाली की काय सांगू! काठ्यांमधून नागमोडी, एकही सुटली नाही. फळीवर चारही पाय पिवळ्यात. परीक्षकांनी उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला, ती त्यांच्या समोरून सरळ गेली. बोगदा. एक उडी. एकच उरली. एकही चूक नाही. जिग्नामॅडम उभ्या राहिलेल्या मला दिसल्या.

आप्पाही उठले. आनंदाने. आणि त्यांचा हात वर गेला.

कांडीने शेवटच्या उडीसमोर करकचून पाय रोवले. वळली. आप्पांकडे तोंड करून बसली. मी तळवा ढकलला, ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आप्पांचा हात वरच राहिला, खाली घ्यायचं सुचलंच नाही त्यांना.

शिट्टी.

१९ जानेवारी

मॅडमनी नाव कमी केलं. ठरलं होतं, तक्रार नाही.

काल घरी आल्यावर मी आप्पांना म्हणाले, तुम्हाला घरी बसायला काय झालं होतं? तोंड फिरवून म्हणायला हवं होतं. समोर उभी राहून म्हटलं. त्यांनी सगळं वाचलं.

२० जानेवारी

कांडी जेवली नाही.

२२ जानेवारी

आप्पा हात उचलत नाहीत. काल पाणी हवं होतं तर तोंडाने म्हणाले, "पानी." आवाज केवढा झाला ते त्यांना कळत नाही, शेजारचं पोर दचकून रडलं. ते ओशाळले. त्यानंतर काही मागितलंच नाही. कांडी त्यांच्या समोर बसते आणि हातांकडे बघत राहते. तासन् तास. माय माझ्याशी बोलत नाही आणि बरोबर करते.

मी सगळ्या जगाशी भांडले माझ्या मुलखावेगळ्या हट्टाने. भांडायला सगळ्यात सोपा माणूस सापडला तेव्हा त्यालाही सोडलं नाही. लाज वाटते.

२५ जानेवारी, रविवार

मायने काढलेला व्हिडिओ आज बघितला. सगळा हलतो, निम्म्यात तिचं बोट. पण कांडी दिसते. पहिल्यांदा मी तिच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे, चौथ्यांदा तिच्या मानेकडे. प्रत्येक वळणावर मान पहिल्या रांगेकडे जाते! व्हिडिओच्या कोपऱ्यात दिसतं, आप्पा खुर्चीत बसून मांडीवर बारीक बोट फिरवत होते, सवयीने, स्वतःलाही न कळता. त्या दिवशी ती मोठमोठे हात हलवणाऱ्या माझ्यामुळे पळत नव्हतीच. मी नुसती शेजारून पळत होते.

अर्धा तास नुसती बसून राहिले. वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला लिहू. दीड वर्ष माझं आहे त्यात.

मग आप्पांसमोर जाऊन म्हटलं, माझं चुकलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "ऐकू नही उनं."

मग मोठ्याने म्हटलं. परत म्हणाले, नही उनं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात म्हटलं की सुभद्राबाई बाहेर आल्या. तेव्हा कुठे म्हातारा हसला! इतके दिवस वाटत होतं, हे घर परत कधी हसणार नाही.

दुपारी त्यांना प्लॉटवर नेलं. धावता येणार नाही, म्हणाले, गुडघे कुठे राहिलेत. धावले नाहीतच. मधोमध उभे राहिले, लूमच्या दोन रांगांमध्ये उभे राहायचे तसे, आणि नुसते वळत राहिले. हा हात त्या फळीकडे, ते बोट या काठ्यांकडे. एकाच वेळी सगळीकडे नजर. कांडी तीस पावलांवरून बघून पळत होती. माझ्या फोनवर एकेचाळीस सेकंद. माझी आणि तिची सगळ्यात चांगली वेळ एकोणपन्नास. शेवटची उडी झाल्यावर आप्पांनी पंजा वर केला आणि ती त्यांच्या पायाशी येऊन बसली. बरोबर तिथेच बसायला हवी होती.

२६ जानेवारी

बावीस फेब्रुवारीला बडोद्याला ट्रायल आहे, सगळ्यांना खुली, बॅचबिच लागत नाही. नियमांची पानं दोनदा वाचली. कुत्र्याने पळायला हवं असं लिहिलंय, माणसाने पळायला हवं असं कुठेही नाही. ऐकू यायला हवं असंही नाही. आप्पांबद्दल सांगितल्यावर तिथल्या माणसाने फोनवर विचारलं, शिट्टी कशी कळणार त्यांना? म्हटलं, कुत्रीला कळते, त्यांना कुत्री कळते, तुम्ही शिट्टी वाजवा.  म्हणाला, अर्ज पाठवा.

२७ जानेवारी

पाठवला. कुत्री — कांडी, गावठी. पळवणारे — आप्पा, म्हणजे धुडकू सुका पाटील, वय एकसष्ट. मी दोरीबाहेर. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसणार आहे.